नेम दहावर, नळी मात्र वर!

पांढरकवड्याच्या मैदानावर 50 मीटर मोजा आणि तेथे सदऱ्याचे बटण ठेवा. दिसता दिसत नाही ना? 50 मीटर रायफल नेमबाजीतील दहा गुणांचे वर्तुळ जवळजवळ एवढेच, म्हणजे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी याच अंतरावर, गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून नेम साधत कांस्यपदक मिळविले.

गोळीचा सरासरी वेग सेकंदाला 320 मीटर धरू. 50 मीटर जायला तिला सुमारे 0.16 सेकंद लागतात. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते! म्हणून नळीचे तोंड किंचित वर ठेवावे लागते.

हे कसे साधतात? नेमबाज डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पाहतो आणि नळीच्या टोकावरच्या कड्यात लक्ष्याची काळी चकती मधोमध बसवतो. छिद्र व कडे यांत 80 सेंटिमीटर अंतर असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने छिद्र 0.1 मिलिमीटर वर सरकवताच गोळी सुमारे 6 मिलिमीटर वर लागते.

बैठक बदलली, की डोळा पुन्हा छिद्रासमोर यावा म्हणून गालाचा व खांद्याचा टेकूही जुळवावा लागतो. रायफलचे वजन 8 किलोग्रॅमपर्यंत चालते. वजन जास्त तर जडत्व जास्त. हाताच्या कंपाने ती कमी हलते.

आता तुम्ही सांगा: सेकंदाला 170 मीटर वेगाचा छर्रा 10 मीटर जाईपर्यंत किती खाली येईल?