प्रवाळाचें भोजन

पोंवळें ठाऊक नाहीं असें घर आपल्यांत विरळा. मंगळाचें रत्न म्हणून तें कोणाच्या आंगठींत असतें, कोणाच्या माळेंत असतें. परंतु तें एका प्राणिसमूहाच्या सांगाड्याचा तुकडा आहे, आणि ते प्राणी भोजन करीत असत, हा विचार ती आंगठी घालणारांच्या मनांत क्वचितच येत असेल. संस्कृतांत त्यास विद्रुम आणि प्रवाल अशीं दोन नांवें आहेत. पहिल्यांत द्रुम म्हणजे वृक्ष आहेच, आणि दुसऱ्याचा अर्थ कोंवळी पालवी असाहि होतो. अर्थात् ही एखादी वनस्पति असावी, हा समज शब्दांतच मुरलेला दिसतो.

युरोपांतील पंडित तरी कोठें पुढें होते? अठराव्या शतकाच्या आरंभीं मार्सिली नांवाच्या इटालियन विद्वानानें जिवंत पोंवळ्यावर आठ पाकळ्यांचीं पांढरीं फुलें पाहिलीं आणि पोंवळें ही वनस्पतीच, असा निर्वाळा दिला. पुढें पेसोनेल या फ्रेंच वैद्यानें दाखविलें कीं तीं फुलें नसून प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वत्सभेंत रेओम्यूर यांनीं हें मत मांडलें खरें, परंतु बिचाऱ्याचें हंसें होऊं नये म्हणून त्याचें नांव सांगितलें नाहीं! पोंवळें प्राणी आहे ही गोष्ट विद्वानांच्या गळीं उतरण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं.

प्राणी म्हटला कीं तो खातो काय, हा प्रश्न आलाच. आणि आज तो केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. अमेरिकेंत व युरोपांत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दिवाणखान्यांत ठेवून तींत उष्ण समुद्रांतील जिवंत प्रवाळें वाढविण्याचा छंद पुष्कळांस आहे. माझा एक भाचा न्यू जर्सींत असतो. त्याच्या घरींहि अशी टाकी आहे. ‘मामा, आज तें मिटून बसलें आहे, त्याला काय घालूं?’ असें तो फोनवर विचारतो. मिटून बसलेलें मूल पाहिलें कीं आजी हातांत लाडू ठेवते, त्यांतलाच हा प्रकार.

खडक बांधणाऱ्या प्रवाळाचा एक जीव म्हणजे एक लहानशी पिशवी. वर एकच तोंड, आणि तोंडाभोंवतीं स्पर्शिका. अन्न आंत जातें तें ज्या तोंडानें, न पचलेला भाग बाहेर पडतो तोहि त्याच तोंडानें. (सोंवळें कडक पाळणारांनीं हें वाक्य सोडून पुढें जावें.) स्पर्शिकांत सूक्ष्म दंशपेशी असतात, एखादा बारीक जलचर त्यांस लागला कीं त्यांतून विषारी तंतु सुटतो व भक्ष्य तोंडाकडे ओढलें जातें. इतकेंच असतें तर हा साधा शिकारी ठरता. परंतु त्याच्या पोटाच्या अस्तरांतील पेशींत एकपेशीय शैवाल राहतें, आणि तें सूर्यप्रकाशावर साखर तयार करतें. मग घरांतला मिळवता कोण, यजमान कीं भाडेकरू?

यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वर्षें वाद झाला. १९२८ सालीं याँग यांच्या नेतृत्वाखालीं एक ब्रिटिश तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आइल्स येथें वर्षभर तळ देऊन राहिली. तुकडीच्या डॉक्टर याँग यांच्या पत्नी मॅटी याच होत्या. अंधारांत कोंडलेल्या प्रवाळांनीं आपलें शैवाल गमावलें तरी तीं जगलीं, हें पाहून याँग यांनीं ठरविलें कीं प्रवाळ शुद्ध मांसाहारी आहे आणि शैवाल केवळ त्याचा मळ उचलतें. पुढें मस्कटाइन प्रभृति संशोधकांनीं किरणोत्सारी कार्बनाचा माग काढला, तेव्हां शैवालानें केलेलें अन्न यजमानाच्या शरीरांत उतरतें, हें १९६९ पर्यंत स्पष्ट झालें. उथळ, उजळ पाण्यांत प्रवाळाच्या शक्तीची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज या मार्गानें भागूं शकते. तथापि याँग यांचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. प्रकाशांतून मिळते ती मुख्यतः साखर. नत्र व स्फुरद यांसाठीं शिकार उपयोगी पडते, आणि केवळ साखरेवर कोणाचें मूल वाढलें आहे?

यावरून टाकीची व्यवस्था कशी असावी हें ध्यानांत येईल. पहिली काळजी दिव्याची. खाद्य आठवड्यांतून एकदोन वेळां, बेतानें, तोंडाच्या मापाचें द्यावें. दिवे मावळल्यावर द्यावें आणि त्या वेळीं पाण्याचे पंप थोडे थांबवावे. शिकारींतून पाझरणाऱ्या प्रोलीनसारख्या द्रव्यांचा वास लागतांच स्पर्शिका बाहेर येतात, म्हणून आधीं खाद्याच्या रसाचे चार थेंब सोडून वाट पाहावी. उरलेलें अन्न सडलें तर पाणी बिघडतें आणि हिरवें शेवाळ माजतें. उलट नत्र व स्फुरद यांचा अंशहि राहूं नये इतकें पाणी निर्मळ केलें, तर प्रवाळ फिकटतें. पूर्वींच्या छंदिष्टांचा हा आग्रह आतां मागें पडला आहे.

याला एक मोठा अपवाद आहे. ट्यूबास्ट्रिया नांवाच्या केशरी प्रवाळांत शैवाल मुळींच नसतें. तें कपारींत वाढतें आणि सर्वस्वीं शिकारीवर जगतें. टाकींत त्याचें एकएक तोंड वेगळें भरवावें लागतें. दिवसां तें मिटलेलें असतें, म्हणून पोट भरलें आहे असें समजूं नये.

इतर प्रवाळांचें मिटणें मात्र बहुधा भुकेचें नसतें. चामड्यासारखें दिसणारें सार्कोफायटन कित्येक दिवस आंखडून राहतें, मग मेणासारखी पातळ कात टाकतें व पुनः फुलतें. त्या काळांत त्याला अन्नाची नव्हे, वाहत्या पाण्याची जरूर असते. रात्रीं एखाद्याच्या स्पर्शिका एकाएकीं वीतभर लांबल्या तर ती भूक नसून शेजाऱ्याशीं भांडण आहे. कांहीं जाती तर पोटांतील तंतु बाहेर टाकून शेजाऱ्याला जागच्या जागींच पचवितात! तेव्हां दोघांत अंतर ठेवावें. माझ्या भाच्याच्या तक्रारींचा उलगडा निम्म्या वेळां एवढ्यानेंच झाला. परंतु प्रवाळ झपाट्यानें पांढरें पडूं लागलें तर प्रथम पाण्याची उष्णता पाहावी. नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां एखादा अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली कीं शैवाल बाहेर टाकलें जातें; १९९८ सालीं लक्षद्वीपांतील प्रवाळ असेंच मोठ्या प्रमाणावर मेलें. तेथें भरविणारा कोणी असता तरी उपयोग नव्हता.

आपल्याकडे हा छंद धरण्यापूर्वीं कायदा वाचावा. खडक बांधणारीं प्रवाळें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ पासून आहेत. समुद्रांतून एक तुकडा उचलून आणणें हाहि अपराध आहे. ज्यांस तीं पाहावयाचीं असतील त्यांनीं मालवणास जावें; तेथें पाण्यांत बुडी मारून पाहण्याची सोय आहे. दिवसां तीं बहुधा दगडासारखींच दिसतील. बहुतेक जाती स्पर्शिका काढतात त्या अंधार पडल्यावर, बारीक जलचर वर येऊं लागतात तेव्हां.