आई दिसेनाशी झाली की बाळ का रडतं?

जून महिना आला की बालवाडीच्या दारात एक दृश्य हमखास दिसतं. मूल आईच्या ओढणीला घट्ट धरून उभं असतं. कुणीतरी सुचवतं, "त्याचं लक्ष नाही तोवर निघा तुम्ही!" आई गुपचूप सटकते. पाच मिनिटांनी मुलाच्या लक्षात येतं आणि मग एकच आकांत. घरी वर ऐकायला मिळतं, "लाडावून ठेवलंय, हाताची सवय लावलीत, आता भोगा."

हे खरं आहे का? उत्तरासाठी बाळाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांकडे पाहावं लागतं.

अनुबंध कसा जुळतो?

साधारण दीड-दोन महिन्यांचं बाळ माणसाचा चेहरा बघून हसायला लागतं. पण तेव्हा ते बहुतेक कुणाकडेही जातं. सहा-आठ महिन्यांनंतर चित्र बदलतं. शेजारच्या काकूंनी घेतलं की ओठ काढतं, आई खोलीबाहेर गेली की रडतं. आपल्याकडच्या आज्या म्हणतात, "माणसं ओळखायला लागलं हो!" शास्त्रही हेच सांगतं. ज्याला आपलं माणूस कळलं, त्यालाच ते माणूस गेल्याचं कळतं. आपल्या माणसाशी जुळलेल्या या नात्याला अनुबंध किंवा अटॅचमेंट म्हणतात.

हे नातं फक्त दुधामुळे जुळतं, असा पूर्वी समज होता. १९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांवरचा प्रयोग मांडला. पिल्लांसमोर दोन खोट्या आया होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं बराचसा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहिली. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ च्या ग्रंथात म्हटलं, की रडणं, बिलगणं, मागे मागे रांगणं ही सांभाळणाऱ्या माणसाला जवळ ठेवण्याची निसर्गाने दिलेली साधनं आहेत. हे माणूस आईच असेल असं नाही. बाबा, आजी, पाळणाघरातली ताईसुद्धा असू शकते.

परत आल्यावर काय होतं?

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन आई-बाळांचं निरीक्षण केलं. त्यांनी वर्ष-दीड वर्षाच्या बाळांसाठी वीसेक मिनिटांची एक चाचणी तयार केली. आई थोडा वेळ बाहेर जाते, अनोळखी बाई येते, आई परत येते.

बरीच बाळं आई गेल्यावर रडली, पण ती येताच कुशीत शिरली आणि पुन्हा खेळायला लागली. हा सुरक्षित अनुबंध. काही बाळं आईला बिलगायची आणि त्याच वेळी ढकलायचीही. त्यांचं समाधान होईना. काही तर रडलीच नाहीत, आई आली तरी बघितलं नाही. आपण म्हणू, किती शहाणं बाळ! पण पुढे अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले आढळले. म्हणजे गप्प असलेलं मूल निवांत असतंच असं नाही.

भावना आपल्याकडूनच शिकतं

१९८५ च्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. मध्येच खाली खोलगट भाग दिसायचा. पलीकडे आई हसत उभी असली तर १९ पैकी १४ बाळं पुढे गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती असली तर १७ पैकी एकही गेलं नाही. बालवाडीच्या दारात आईच रडवेली असेल, तर मुलाने काय समजायचं?

आणि उपजत स्वभाव?

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. सुमारे ४० टक्के मुलं सहज जुळवून घेणारी, १० टक्के हट्टी-चिडखोर वाटणारी आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी होती. बाकीची कुठल्याच एका गटात बसली नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की कुठलाच स्वभाव मुळात वाईट नसतो. मोठ्यांची वागणूक त्याच्याशी किती जुळते हे महत्त्वाचं. हळू रुळणाऱ्याला ढकललं तर ते आणखी मागे सरतं.

म्हणून दोन गोष्टींची गल्लत करू नये. मूल किती रडतं, हे बरंचसं स्वभावावर असतं. ते कुणाजवळ आणि कसं शांत होतं, यात अनुबंध दिसतो. जास्त रडणाऱ्या मुलाची आई चुकली, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

मग करायचं काय?

- गुपचूप सटकू नका. "मी जाते, तू खाऊ खाल्लास की येते" असं सांगा, हसून निघा आणि सांगितल्या वेळी या. सटकलं की मूल पुढच्या वेळी जास्तच घट्ट धरतं.
- पहिले काही दिवस एकाच ताईने मुलाला दारातून घ्यावं. नवीन अनुबंध माणसाशी जुळतो, इमारतीशी नाही.
- घरची ओळखीची चादर किंवा बाहुली जवळ राहू द्या.
- "रडू नको, सगळे हसतायत" म्हणण्यापेक्षा "आईची आठवण येतेय ना?" म्हणा. भावनेला नाव मिळतं.
- कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाकडेही दिवसातून दोनदा मुद्दाम जा.

यंदाच्या जूनमध्ये कुणी दारात रडलं, तर "लाडावलंय" म्हणण्याआधी एवढं आठवू या: त्याला आपलं माणूस आहे, म्हणून ते रडतंय. आता शाळेतही एक आपलं माणूस मिळालं, की ते खेळायला लागेल.