रानमिरची : ओळख आणि जतन

बृहत्त्रयीत मिरचीचा उल्लेख नाही. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी भारतात आणली आणि पुढे अर्वाचीन निघंटूंत ती ‘कटुवीरा’ या नावाने आली. साहजिकच आपल्याकडे जिला रानमिरची म्हणतात, ती परसातून निसटून रानटी झालेली मिरची होय. तिची फळे बारीक, आकाशाकडे तोंड केलेली असून पिकताच देठापासून सहज सुटतात. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही; ते फळे गिळतात आणि बी दूरवर पडते. कुंपणाशी न पेरता उगवलेल्या झाडाचे रहस्य हेच.

बाजारात ‘लवंगी’ या एकाच नावाखाली भिन्न जाती विकल्या जातात. सुक्या फळावरून निर्णय कठीण. म्हणून फूल पाहावे. कॅप्सिकम ॲन्युअम या नेहमीच्या मिरचीचे फूल शुभ्र व बहुधा एकेकटे असते. कॅप्सिकम फ्रुटेसेन्सचे फूल हिरवट पांढरे असून एका पेरावर अनेकदा दोन वा अधिक येतात. हे झाड बहुवर्षायू आहे.

औषधनिर्मात्यांनी रंगावरून तीक्ष्णता ठरवू नये. ब्याडगी गडद लाल, परंतु सौम्य असते. तिखटपणा कॅप्सायसिनमुळे येतो व ते मुख्यतः बिया धरणाऱ्या पांढऱ्या गरात असते. जात बदलली की त्याचे प्रमाण बदलते. लेप वा तेल करताना हे दुर्लक्षिले, तर तीच मात्रा एका रुग्णास निष्प्रभ, दुसऱ्याच्या त्वचेस दाहक ठरते. द्रव्य कटुरसात्मक, उष्ण व तीक्ष्ण असल्याने पित्तप्रकृती, अम्लपित्त व रक्तार्श यांत आम्ही ते वर्ज्य मानतो.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात निगेविना तग धरलेले झाड वाण सुधारणाऱ्यांसही मोलाचे आहे. मात्र संकरित मिरचीशेजारी मधमाश्यांमुळे बीज भेसळते. कळीस मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरल्यावर ती काढून त्या देठास दोरा बांधावा, पक्व फळाचे बी सावलीत वाळवून ठिकाण व तारखेसह ठेवावे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोत अशा बियाण्याचे जतन होते. २००१ च्या कायद्यान्वये शेतकऱ्यास आपल्या वाणाची नोंदणीही करता येते.

सदस्य वैद्यांनी आपल्या गावातील असे एक तरी झाड फुलावर असताना पाहून ठेवावे. द्रव्याची ओळख प्रथम, योजना नंतर, हा क्रम नव्या द्रव्यासही लागू आहे.