किनाऱ्यावरचा सर्वांत लहान पाहुणा

थंडीचे दिवस आले की कोकणच्या वाटा गजबजू लागतात. शाळांच्या सहली, मित्रमंडळींचे मेळावे, देवदर्शनाला निघालेली कुटुंबे हे सारे नेहमीचेच. पण नागावपासून तारकर्लीपर्यंतच्या किनाऱ्यांवर अलीकडे आणखी एक दृश्य वरचेवर दिसू लागले आहे. शहरात नोकरी करणारे एखादे तरुण जोडपे, त्यांच्याबरोबर सात-आठ महिन्यांचे मूल आणि त्या मुलाच्या चौपट सामान. आईला मुलाला पाजायचे असते आणि आडोसा कोठेच नसतो. बाप दुपटे पसरून वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. जवळूनच एखादी मोटार ओल्या वाळूवर गिरक्या घेत निघून जाते. तासाभरात ते कुटुंब थकून खोलीवर परतते. निघताना घरातील वडीलधाऱ्यांनी विचारलेला प्रश्न मग दोघांच्याही मनात पुन्हा उभा राहतो : "एवढ्याशा जिवाला घेऊन समुद्रावर जायचे अडले होते काय?"

हा प्रश्न जुन्या पिढीचा हट्ट म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्यामागे पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे. अर्भकमृत्यू ही घरोघरची गोष्ट होती, त्या काळात सव्वा महिना बाळंतिणीने खोली न सोडण्याचा, तान्ह्या मुलाला गर्दीपासून दूर ठेवण्याचा दंडक निर्माण झाला. दृष्ट लागण्याची भाषा आज पटत नसली, तरी त्या भाषेआड संसर्गाची रास्त भीती होती. शिवाय खुद्द कोकणी माणसानेही समुद्राकाठाला कधी विसाव्याचे ठिकाण मानले नाही. कोकणातील जुनी घरे पाहावीत. ती समुद्राकडे पाठ करून, नारळी-पोफळीच्या वाडीआड, वाळूपासून अंतर राखून बांधलेली असतात. समुद्र हा मासेमारीचा, गलबतांचा आणि नारळी पौर्णिमेच्या पूजेचा. त्याच्याकाठी सुटी घालवावी ही कल्पना बाहेरून आली. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान हा औषधोपचार म्हणून सांगितला आणि ब्रायटनसारख्या मच्छीमार वस्तीचे भाग्य पालटले. आपल्याकडे १९७५ साली राज्य पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पुढे घरगुती निवास-न्याहारीच्या सोयी गावोगाव झाल्या. त्यानंतरच मध्यमवर्गाच्या वार्षिक अंदाजपत्रकात समुद्रकिनाऱ्याला जागा मिळाली.

सहल नेमकी कोणासाठी?

तान्ह्या मुलाला समुद्र दाखवायला नेतो असे आईबाप म्हणतात, पण ते पूर्ण खरे नाही. सहा-आठ महिन्यांच्या मुलाला या सहलीची आठवण राहत नाही. लाटांपेक्षा वाळूतला एखादा शिंपला त्याला अधिक मोहवतो आणि तोही तोंडात घालण्यापुरताच. सहल असते ती आईबापांसाठी, त्यातही मुख्यतः आईसाठी. हे स्पष्टपणे मान्य करण्यात अपराधी वाटण्याजोगे काहीही नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांपुरती १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सरकारी सेवेतील स्त्रीला १८० दिवस मिळतात. म्हणजे शाळेत वा कचेरीत काम करणाऱ्या आईची रजा संपण्याची वेळ आणि मुलाला सहा महिने पूर्ण होण्याची वेळ जवळजवळ एकच येते. हे सहा महिने तिने बहुधा दोन खोल्यांत काढलेले असतात. पूर्वी बाळंतपण माहेरच्या भरल्या घरात होई. आई, काकू, शेजारणी यांच्यात कामाची वाटणी आपोआप होत असे. आज बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत मदतीला आलेली माणसे परततात. पती कामावर जातो आणि दिवसभर बोलायला मिळते ते बोलू न शकणारे मूल. अपुरी झोप आणि हे एकटेपण यांतून येणारी खिन्नता हा दुबळेपणा नव्हे. ती वैद्यकशास्त्राने ओळखलेली अवस्था आहे. अशा वेळी कामावर रुजू होण्यापूर्वी चार दिवस मोकळे आकाश पाहावे असे त्या स्त्रीला वाटले, तर त्याला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र सहल आईबापांची असली, तरी तिचे वेळापत्रक मुलाचे असले पाहिजे. येथेच बहुतेकांची चूक होते. ही माणसे लग्नाआधीच्या सहलीचा आराखडा घेऊन निघतात आणि त्यात मुलाला बसवू पाहतात.

ऊन, पाणी आणि वेळ

काही गोष्टी वैद्यकशास्त्राने स्पष्ट सांगितल्या आहेत. सहा महिन्यांपर्यंत मुलाला केवळ आईचे दूध द्यावे, उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. मुलाची तहान भागवायची तर आईने भरपूर पाणी पिणे आणि मुलाला वारंवार पाजणे हाच मार्ग. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकातील सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या मात्रा पूर्ण झालेल्या असणेही आवश्यक आहे. या दोन्ही कारणांनी सहा महिन्यांनंतरचा काळ प्रवासाला अधिक सोयीचा ठरतो. त्या वयात मुलाला नाचणीचे सत्त्व, मऊ भात, कुस्करलेले केळे चालू लागते आणि कोकणात या गोष्टींची वाण नाही.

उन्हाच्या बाबतीत मोठ्यांचा अंदाज हमखास चुकतो. तान्ह्या मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते आणि घाम येण्याची क्रिया अपुरी असते. म्हणून ते मोठ्यांपेक्षा लवकर तापते. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण त्याचा परिणाम चालूच असतो. छत्रीखाली बसले म्हणजे संरक्षण पुरते झाले असेही नाही. कोरडी वाळू सूर्याचे अतिनील किरण सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के परत फेकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, अंगभर सुती झबले आणि टोपडे घालून तासभर किनाऱ्यावर जावे आणि मधला दिवस वाडीच्या सावलीत काढावा हेच शहाणपणाचे. मुलाला झोपवण्यासाठी सुपारीच्या बागेपेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

समुद्राचेही स्वतःचे वेळापत्रक असते. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागायचे. पंचमी असेल तर साधारण पावणेचारला पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी अधिक वर चढते आणि अधिक वेगाने ओसरते. मूल कडेवर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभे राहून छायाचित्र काढण्याची हौस अनेकांना असते. ती जिवावर बेतू शकते. पायाखालची वाळू सरकली की दोन्ही हात गुंतलेला माणूस तोल सावरू शकत नाही. मुलाच्या पायाला ओल्या वाळूवर येऊन थांबणाऱ्या लाटेचा स्पर्श झाला, तेवढा समुद्र त्याला पुरे.

सामानात खेळण्यांपेक्षा मच्छरदाणी आणि जलसंजीवनीची पुडी महत्त्वाची. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. तोच साधा उपाय आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतो. मुलाला जुलाब लागले तर पाजणे बंद न करता हे द्रावण सुरू करावे आणि डॉक्टर गाठावा. जवळचे रुग्णालय कोठे आहे याची चौकशी खोली ठरवतानाच करावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून राज्यभर आहे, पण खाडीकाठच्या गावापासून तालुक्यापर्यंतचे अंतर कोणताही क्रमांक कमी करू शकत नाही. प्रवासाचे तसेच. घाटातल्या वळणांवर पुढच्या आसनावर मांडीवर घेतलेले मूल सुरक्षित नसते. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालआसन असावे असे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती सांगते. आपल्याकडे मात्र आईची मांडी हीच सुरक्षित जागा ही समजूत अद्याप कायम आहे.

विश्रांतीची वाटणी

एवढी सावधगिरी बाळगूनही सहल फसते, ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. घरी आई जी कामे करत असते तीच ती समुद्रकाठी अधिक गैरसोयीत करू लागते. वाट्या-चमचे उकळणे, दुपटी धुणे, मऊ भातासाठी परक्या स्वयंपाकघरात उभे राहणे, रात्री तीनदा उठणे हे सारे तसेच चालू राहते. बाप समुद्रावर जाऊन येतो आणि मुलाला क्षणभर उंच उचलून पुन्हा तिच्या स्वाधीन करतो. घरी परतल्यावर एकाची सुटी झालेली असते आणि दुसरीचे केवळ गाव बदललेले असते.

यात पुरुषाचा दोष आहे तितकाच व्यवस्थेचाही. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला १५ दिवसांची रजा मिळते, परंतु २०१७ च्या दुरुस्तीत पित्याचा उल्लेखही नाही. मूल वाढवणे हे आईचे काम आणि बाप तिचा हौशी मदतनीस, असेच कायदा सुचवतो. म्हणून समुद्रावरच्या या चार दिवसांना वेगळे महत्त्व आहे. सकाळची दोन तास पूर्ण जबाबदारी बापाने घ्यावी, मुलाला भरवावे, न्हाऊ घालावे, झोपवावे. त्या वेळात आईने एकटीने ओल्या वाळूवरून चालत जावे किंवा निवांत झोपावे. ही वाटणी चार दिवस जमली तर ती घरीही जमेल. सहलीतून परत आणण्यासारखी याहून मोलाची वस्तू नाही.

किनारा सार्वजनिक आहे काय?

कुटुंबाने करायचे ते येथे संपते. पुढचा प्रश्न समाजाचा आणि शासनाचा आहे. किनारा सर्वांचा असे आपण म्हणतो, पण तेथे सावली नाही, पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह क्वचितच आढळते आणि मुलाला पाजण्यास आडोसा तर नाहीच. जी जागा केवळ धडधाकट तरुणांनाच वापरता येते ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक नव्हे.

धडधाकटांनाही ती सुरक्षित नाही, हे १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्राने दाखवून दिले. पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी त्या दिवशी बुडाले. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची संघटित व्यवस्था उभी केली, तिचा कित्ता गिरवणे अवघड नाही. स्वच्छ किनाऱ्यांसाठी असलेले 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन २०२० साली भारतातील आठ किनाऱ्यांना प्रथम मिळाले. पाण्याची शुद्धता, जीवरक्षक, स्वच्छतागृहे या गोष्टी त्यात तपासल्या जातात. त्या पहिल्या यादीत महाराष्ट्राचा एकही किनारा नव्हता.

हे कोकणाला जमणार नाही असे मुळीच नाही. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी गोळा करून कुंपणात जपली जातात आणि पिल्ले बाहेर पडली की ती समुद्रापर्यंत सुखरूप जावीत म्हणून गाव जागा राहतो. वाळूवर त्या वेळी पाऊल टाकणाराही जपून टाकतो. कासवाच्या पिल्लासाठी दाखवलेली ही जाणीव निःसंशय गौरवास्पद आहे. तिचा थोडा अंश माणसाच्या पिल्लासाठी वापरला, तरी किनाऱ्यावर धावणाऱ्या मोटारी थांबतील आणि झावळ्यांचे दोन मांडव उभे राहतील. त्याला कोट्यवधींचा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि तो पाळून घेणारी माणसे पुरतात.

या राज्यात बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी केलेल्या खोलीला 'हिरकणी कक्ष' असे नाव आहे. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या मुलाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीची कथा मराठी मुलांना शाळेत कळते. त्या कथेतील आईच्या धैर्याचे आपण शतकानुशतके कौतुक केले. तथापि त्या कथेचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. ज्या कड्यावरून ती उतरली तेथे महाराजांनी बुरूज बांधला, असे ती कथा सांगते. आईच्या धाडसाची दखल घेऊन राज्यकर्त्याने काहीतरी बांधले, हा तिचा खरा शेवट आहे. आजची हिरकणी रजेचे शेवटचे चार दिवस घेऊन, मूल कडेवर घेऊन त्याच रायगड जिल्ह्याच्या समुद्रकाठी येते. तिने कडा उतरावा अशी अपेक्षा आता कोणी करू नये. तिला सावली, पाणी आणि आडोसा मिळावा, इतकेच.