वेताळाची डायना आणि सकाळची लोकल

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या महिला मंडळानं डोंबिवलीत मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतला. एक दिवस विषय दिला, 'माझा सुपरहिरो'. आठवीतल्या एका मुलीनं ठरवलं, आईला काढायचं. आई रोज सकाळच्या फास्ट लोकलनं फोर्टला नोकरीला जाते. भावाचं कॉमिक समोर ठेवून त्यातल्या नायिकेवरून तिनं चित्राला सुरुवात केली. थोड्या वेळानं खोडरबर मागायला आली. म्हणाली, "काकू, आई अशी वाकडी उभी राहिली तर गाडीत चढेल कशी?"

मी ते कॉमिक चाळलं. मुठीत मावेल एवढी कंबर, उंच टाचा. संकट समोर उभं, पण हिची छाती आणि पाठ दोन्ही एकाच वेळी वाचणाऱ्याकडे!

आमच्या लहानपणी काय वेगळं होतं म्हणा. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आम्ही भावंडं भांडून वाचायचो. त्याची डायना ऑलिम्पिक गाजवलेली, संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी. माझ्या लक्षात राहिली ती मात्र बिकिनीतली.

कपडे कमी म्हणून माझी तक्रार नाही, बरं का. पोहताना तिनं काय नऊवारी नेसायची? उघडा तर टारझनही असतो. पण त्याचं अंग ताकद दाखवायला काढतात, हिचं बघायला. २०१२ साली काही चित्रकारांनी इंटरनेटवर गंमत केली. 'हॉकआय' या पुरुष नायकाला नायिकांसारखं कंबर मुरडून उभं केलं. बघून हसू आवरत नाही. बाईला तसं काढलं तर मात्र कुणाला हसूही येत नाही, इतकी सवय झालीय.

वंडर वुमन १९४१ पासूनची. (तिचंही नाव डायनाच!) ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिला महिला सक्षमीकरणाची मानद दूत नेमलं. त्याच महिन्यात सरचिटणीसपदी पुन्हा पुरुषाचीच निवड झाली होती. तिथल्या कर्मचाऱ्यांनीच आवाज उठवला, या तोकड्या कपड्यातल्या चित्राऐवजी खरी बाई मिळाली नाही का? दोन महिन्यांत तिचं दूतपद संपलं.

आमच्या मुलीचं चित्र संध्याकाळपर्यंत झालं. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पर्स पोटाशी, एक हात दारातल्या दांड्याला, पायात सपाट चपला. केप नाही. "दारात अडकेल ना," म्हणाली.

आई न्यायला आली तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं दाखवलं. आई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पोट जरा कमी दाखवायचं होतंस गं."