गावची नळयोजना: बांधणारे आणि चालवणारे

महाराष्ट्रातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींच्या वाट्याला आलेल्या कामांत पाणीपुरवठा सर्वांत अवघड आहे. समाजमंदिर एकदा बांधले की उभे राहते. पाणी मात्र रोज द्यावे लागते. त्यासाठी विहिरीला पाणी, मोटारीला वीज, टाकीत जंतुनाशक टीसीएल पावडर आणि व्हॉल्व्ह फिरवायला माणूस लागतो. यांतले एक जरी चुकले तरी लाखो रुपयांची योजना ठप्प होते आणि हंडा पुन्हा बायकांच्या डोक्यावर येतो.

जबाबदारी कोणाची?

गावाला पाणी पुरवणे हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमापासूनच पंचायतीचे काम मानले गेले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय नोंदवले. पिण्याचे पाणी त्यांपैकी एक.

प्रत्यक्षात विषय आला, पण त्याबरोबर माणसे आणि पैसा पुरेसा आला नाही. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, कुठे घ्यायचा याचा अहवाल भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा देते. आराखडा, अंदाजपत्रक आणि निविदा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असतात. काम ठेकेदार करतो. योजना पूर्ण झाली की ती पंचायतीकडे हस्तांतरित होते. ज्यांनी ती आखली त्यांना ती चालवायची नसते आणि ज्यांना चालवायची असते त्यांचा आखणीत फारसा वाटा नसतो. पुढच्या अनेक अडचणी याच तुटलेल्या दुव्यातून येतात.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाणी समितीत निम्म्या महिला आणि गावांतर्गत कामात लोकवर्गणी ही त्याची सूत्रे रास्त आहेत. परंतु नळजोडण्यांची संख्या मोजणे सोपे असते. मे महिन्यात त्या नळाला किती पाणी येते, हे मोजणे कठीण.

पाणी, पैसा आणि माणूस

पहिली अडचण उद्भवाची. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेही मर्यादित. गावाची विहीर आणि शेजारच्या शेतातील बोअर एकाच थरातून पाणी उपसतात. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३ च्या कायद्याने निर्बंध घातला. त्याची जागा २००९ च्या भूजल अधिनियमाने घेतली. पण शेजाऱ्याची, भावकीतल्या माणसाची बोअर थांबवण्याचे धैर्य निवडून आलेल्या सरपंचाला सहसा होत नाही.

दुसरी अडचण पैशाची. पाणीपट्टी बहुधा वर्षाला ठरावीक असते आणि ती वाढवण्याचा ठराव निवडणुकीच्या भीतीने मागे पडतो. मोटारीचे वीजबिल दर महिन्याला येते. बिल थकले की वीजजोड तुटतो, पाणी बंद झाले की लोक पट्टी भरत नाहीत आणि पट्टी आली नाही की थकबाकी वाढते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम २०२१-२२ पासून पाणी व स्वच्छतेसाठी बांधील झाली. उरलेल्या अबंधित रकमेतून पगार देता येत नाहीत. त्यामुळे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेतनासाठी पंचायतीला दुसरीकडे पाहावे लागते.

तिसरी अडचण माणसांची. अनेक ठिकाणी एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) दोन-तीन पंचायतींचा कारभार असतो. घरपट्टीची वसुली, घरकुलांच्या याद्या, दाखले आणि सभांची इतिवृत्ते सांभाळून त्याने मोटारीचा बिघाडही निस्तरावा, ही अपेक्षा अन्यायकारक आहे.

एकेका गावाला न झेपणारे काम प्रादेशिक योजनेवर सोपवले जाते. अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने वान धरणातून पाणी नेणारी ‘८४ खेडी’ योजना अपरिहार्यच होती. मात्र अशा लांब योजनांत शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी कमी दाबाने आणि उशिरा मिळण्याचा धोका असतो. तक्रारीचे धनीही अनेक होतात.

जिथे जमले

कराडजवळच्या मलकापूरने २००९ मध्ये चोवीस तास मीटरवर पाणी देणे सुरू केले. जास्त वापराला जास्त दर ठेवल्याने पाण्याची उधळपट्टी रोखली गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. पहिल्या गावाने मागणीला शिस्त लावली, दुसऱ्याने उद्भव राखला. दोन्हीकडे नियम गावाने मान्य केले आणि हिशेब सर्वांसमोर राहिला.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे जन्म-मृत्यूचा दाखला किंवा घराच्या कर आकारणीचा नमुना आठचा उतारा ठरलेल्या मुदतीत मागता येतो. रोजच्या पाण्यालाही तशीच हमी हवी. त्यासाठी योजनेच्या मंजुरीतच पुढील काही वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी, आठ-दहा गावांमागे एक प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावा, उद्भवाचे संरक्षण सरपंचाऐवजी तालुका पातळीवरील अधिकाऱ्याने करावे आणि पाणीपट्टीचा जमाखर्च दर ग्रामसभेत वाचला जावा. बांधकामाइतकेच महत्त्व चालवण्याला मिळाले, तरच घरात पोहोचलेला नळ उन्हाळ्यातही उपयोगी पडेल.