रोहित मोजा, कावळाही नोंदवा

गेमिफिकेशन (खेळ नसलेल्या कामात गुण, टप्पे, क्रमवारी अशा खेळातल्या युक्त्या वापरणे) म्हणजे बक्षिसाचे आमिष, असा सर्रास समज आहे. खरे तर ते दुधाच्या रतिबाच्या खुणा केलेल्या कॅलेंडरसारखे असते: कोरा राहिलेला चौकोन लगेच डोळ्यांत भरतो. पक्षीनिरीक्षणाचेच पाहा: जेऊरजवळच्या उजनी जलाशयावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. ते पाहणाऱ्या कोणालाही २००२ साली सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करता येते. तिथे क्रमवारीही आहे. पण नुसत्या प्रजाती मोजल्या, की रोहित टिपून माणूस निघतो आणि साळुंकी, कावळे, बगळे यादीबाहेर राहतात. म्हणूनच ‘बर्ड काउंट इंडिया’ या पक्षीनिरीक्षण उपक्रमाची ईबर्डवरची मासिक आव्हाने किमान १५ मिनिटांच्या संपूर्ण यादीवर (ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, संख्येसह) भर देतात. अशा यादीत नसलेला पक्षी त्या वेळी आढळला नाही, असे धरता येते; अर्धवट यादीतून तेवढेही कळत नाही.

गुणांच्या लोभाने खोट्या नोंदी होतील, हा आक्षेप रास्तच. त्या जागी, त्या ऋतूत अनपेक्षित वाटणारी नोंद म्हणूनच ईबर्डच्या चाळणीत अडकते आणि स्थानिक जाणकार फोटो किंवा वर्णन मागतात. कंटाळून गाळलेला कावळा मात्र कुठल्याच चाळणीत सापडत नाही. गुण ठेवायचे ते त्याच्यासाठी.